रांगेतला फोन

लाइट बंदच करतो, डास येतात. आणि एक आधीच सांगून ठेवतो. मध्येच कुणाचा मोबाइल वाजला तर मी उठून झोपायला जाईन. चेष्टा नाही करत. का ते कळेलच.

ही थंडोबाची गोष्ट. तुमच्या काकूचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. लग्नाकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून शांतपणे जेवत असतो, तोच. एकदा आमच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याने पेट घेतला होता. आम्ही सगळे किंचाळतोय, आणि हा आधी दारातल्या चपला पायात सरकवतोय, मग बादली घेऊन येतोय. तेव्हापासून त्याचं नाव थंडोबा पडलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा माणसाच्या तोंडून ऐकलेलं आहे हे. उगीच घाबरणाऱ्यांतला तो नव्हे.

ॲम्ब्युलन्स हवी असली की लोक ज्या नंबरावर फोन करतात, त्या ऑफिसात तो कॉम्प्युटरची देखभाल बघायचा. ऑफिस म्हणजे एक लांबलचक हॉल. टेबलांच्या रांगा, कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाया, कोपऱ्यात चहाचं मशीन. खाली आवारात गाड्या उभ्या. आणि हॉलला लागून एक काचेच्या दाराची गार खोली. तिथे थंडोबाचं राज्य. माणसाइतक्या उंच लोखंडी कपाटांत एकावर एक सर्व्हर सरकवलेले असतात, ड्रॉवर सरकवावेत तसे. बाहेरून आलेला फोन आधी तिथे जातो. जी बाई मोकळी असेल तिच्या कानात तो सोडायचा, कुणीच मोकळी नसेल तर रांगेत थांबवायचा, हे त्या यंत्राचं काम. 'कृपया थांबा' म्हणणारी ती गोड आवाजाची बाई असते ना, तीही त्याच्याच पोटात.

ह्या गोष्टीच्या सहा वर्षं आधी एका रात्री तो सर्व्हर गडबडला आणि थोड्या वेळात बंदच पडला. त्याच्या जागी दुसरा आला. चौकशी झाली, दोष कुणाचाच निघाला नाही. जुना तसाच कपाटाच्या तळाशी पडून राहिला. थंडोबा नोकरीला लागला तो त्यानंतर. त्याने त्या यंत्राचं झाकणसुद्धा कधी उघडलं नव्हतं.

गेल्या साली सात नोव्हेंबरला, शुक्रवारी, त्याला काम सांगण्यात आलं. सकाळी भंगारवाले येणार, त्याआधी जुन्या सर्व्हरच्या डिस्क पुसून ठेव. पुसायच्या म्हणजे आत जे काही साठवलेलं असेल त्यावर शून्यं गिरवत जायचं, पुन्हा कुणाला काही वाचता येऊ नये म्हणून. रोजचंच काम. त्याने बायकोला फोन करून सांगितलं, "जेवून घे तू, मला तासभर लागेल," आणि रात्री साडेनऊच्या सुमारास तो त्या खोलीत शिरला.

खाली बसला. सर्व्हरच्या तोंडावर जाळीचं झाकण होतं, त्याला छोटंसं कुलूप. किल्ली लावून झाकण काढलं. धुळीची इतकी जाड साय होती की बोटाने रेघ ओढली तर रेघ उमटावी. उजव्या कडेला शर्टाच्या बटणाएवढं एक बटण. ते दाबलं. काही नाही. मग लक्षात आलं, मागून विजेची वायरच काढलेली आहे. वायर जोडली. जोडली ती फक्त विजेची, आणि समोर बघायला एक स्क्रीन. बाहेरच्या जगाशी त्या यंत्राचा काडीचाही संबंध त्याने ठेवला नाही. हे ध्यानात ठेवा.

बटणाभोवती नारिंगी कडं उजळलं. म्हणजे वीज पोचली, यंत्र अजून झोपलंय. त्याने बटण पुन्हा दाबलं. क्षणभर शांतता. आणि मग आतले पंखे असे सुटले की जणू खोलीतच विमान उडतंय. डिस्कांवरचे हिरवे दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळाले. नारिंगी कडं हिरवं झालं. पंखे हळूहळू खाली बसले, एकसुरी घरघर उरली.

"म्हातारा उठला की," थंडोबा स्वतःशीच म्हणाला.

पुसायचा प्रोग्राम लावला. स्क्रीनवर एक लांब रिकामी पट्टी आली, डावीकडून भरायला लागली. आता बसून राहायचं फक्त. त्याने पाय पसरले, पाठ भिंतीला टेकली.

तेवढ्यात सर्व्हरवरच्या बटणाशेजारचा निळा दिवा लुकलुकायला लागला.

हा निळा दिवा काय, तर कपाटात दहा यंत्रं सारखी दिसतात. समोरच्याने त्या दिव्याचं बटण दाबलं की समोरचा आणि मागचा असे दोन्ही निळे दिवे लागतात, म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसाला कळतं, हेच ते. तसंच मागच्याने दाबलं तर समोरच्याला कळतं. थंडोबाने समोरून दाबलं नव्हतं. आणि मागे... मागे वीतभर जागा आणि भिंत.

तो तरीही उठून बघून आला. कुणी नव्हतं. "जुनं यंत्र आहे, चालायचंच," असं म्हणून परत बसला.

आणि फोन वाजला.

भिंतीवर एक जुना फोन टांगलेला होता. पूर्वी सर्व्हर तपासताना वापरायचे, आता नुसता शोभेचा. तो वाजत होता. थंडोबाने उचलला.

"हॅलो? लागला? दादा, लागला का हो फोन?"

बाईचा आवाज. धापा टाकत बोलत होती. आणि तिच्या आवाजामागे अजून एक आवाज. शिट्टीसारखा. थांबून थांबून.

"बोला," थंडोबा म्हणाला. त्याला वाटलं, कुठेतरी लाइनी एकमेकींत अडकल्यात, हॉलमधला फोन इकडे आलाय.

"मघाशी एकदा लागला होता. एका ताईंनी उचललासुद्धा. मग परत ती बाई सुरू झाली, थांबा, थांबा, थांबा. किती थांबायचं? माझ्या मुलाला श्वास घेता येत नाहीये. चार वर्षांचा आहे तो. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, पिवळी इमारत, तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे. जिन्यात दिवा नाही. लवकर पाठवा हो गाडी."

"पाठवतो. फोन ठेवू नका," म्हणून थंडोबाने रिसीव्हर तसाच लोंबता सोडला आणि हॉलकडे धावला. चपला न घालता.

हॉलमध्ये त्या पाळीला मोठ्या ताई होत्या. सगळ्यांत जुन्या. फोनवर किती रडारड असो, त्यांचा आवाज कधी चढला नाही की कापला नाही. नव्या मुलींना त्याच शिकवायच्या.

"ताई, एक फोन चुकून माझ्याकडे लागलाय," थंडोबा म्हणाला. "लहान मूल आहे, श्वास कोंडलाय. टाकीमागची गल्ली, पिवळी इमारत..."

"तिसरा मजला," मोठ्या ताई म्हणाल्या.

थंडोबाने अजून मजला सांगितलाच नव्हता.

"लिफ्ट बंद आहे," ताई म्हणाल्या. "असंच म्हणाली ना?"

सहा वर्षांपूर्वी यंत्र गडबडलं त्या रात्री तो फोन त्यांनीच उचलला होता. 'ताई, माझ्या मुलाला' एवढंच ऐकू आलं, आणि लाइन गेली. पत्ता कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. टाकीमागची पिवळी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट बंद. आई मुलाला उचलून अंधारात जिना उतरत होती. मूल जिन्यातच गेलं. आईने त्यानंतर जेमतेम वर्ष काढलं. इमारत धोकादायक म्हणून पुढे रिकामी केली. ताई कितीदा त्या गल्लीत जाऊन खाली उभ्या राहिल्या होत्या, वर जायचा धीर कधीच झाला नाही.

हे सगळं त्यांनी थंडोबाला उभ्या उभ्या, चार वाक्यांत सांगितलं. आणि कानातला हेडफोन काढून त्या गार खोलीकडे चालायला लागल्या.

"ताई, नका जाऊ," थंडोबा म्हणाला.

"सहा वर्षं थांबलीय ती," ताई म्हणाल्या. "आणखी किती थांबवू?"

त्यांनी रिसीव्हर उचलला. थंडोबा जवळच उभा होता, त्याला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"हॅलो. मी बोलतेय. मघाशी तुमचा फोन मीच उचलला होता."

"ताई!" पलीकडची बाई रडायलाच लागली. "तुमचाच आवाज. मला वाटलं, तुम्ही ठेवून दिलात."

"नाही हो. मी कशाला ठेवीन? ऐका आता. त्याला आडवं झोपवू नका. मांडीवर बसतं धरा. पाठ ताठ. घरात लाडाने काय म्हणता त्याला?"

"चिमण्या."

"चिमण्याशी बोलत राहा. जिना उतरू नका. कळलं? काहीही झालं तरी जिना उतरू नका. गाडी वर येईल."

थंडोबाने हलक्या आवाजात विचारलं, "कुठली गाडी, ताई?"

ताईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "खाली मामा असेल. त्याला सांग, मी पाठवलंय. काही विचारू नकोस म्हणावं."

मामा म्हणजे तिथला जुना ड्रायव्हर. तो चहाचा कप ठेवून निघाला. थंडोबाने आपल्या मोबाइलवर त्याच्याशी लाइन चालू ठेवली. खिडकीतून गाडीचा भोंगा लांब लांब जाताना ऐकू आला. परत येऊन त्याने स्क्रीनकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्याला आठवलं.

पट्टी. ती भरतच होती. निम्म्याच्या पुढे गेली होती.

"ताई..." तो म्हणाला. "मी डिस्क पुसायला लावल्यात."

ताईंना आधी कळलं नाही. मग कळलं.

"थांबव."

"मधे थांबवता येत नाही. एकच मार्ग आहे, समोरचं बटण दाबून धरायचं, यंत्र बंद करायचं. पण मग..."

मग फोन तुटला असता. पुन्हा. ह्याच बाईचा, तसाच मध्येच. न दाबावं तर ती पुसली जाणार. दाबावं तर ती परत रांगेत जाणार, आणि उद्या सकाळी भंगारात.

थंडोबाने गुडघ्यावर बसून बोट बटणापर्यंत नेलं. हिरव्या कड्याचा उजेड त्याच्या नखावर पडला होता. नाही दाबलं.

त्याऐवजी त्याला सुचलं, निदान हा फोन नव्या सर्व्हरवर घेता येतो का बघू. म्हणून त्याने भिंतीवरच्या फोनची वायर हातात धरली आणि तिच्या मागे मागे कपाटाच्या कडेपर्यंत गेला. वायर भिंतीवरून खाली आली. कपाटाकडे वळली. आणि संपली. टोक मोकळं होतं. कशालाही जोडलेलं नव्हतं.

हे त्याने ताईंना सांगितलं नाही. ते टोक त्याने हळूच जमिनीवर ठेवलं, झोपलेल्या माणसाचा हात ठेवावा तसं.

"गाडी कुठवर आली, ताई?" रिसीव्हरमधून त्या बाईने विचारलं.

"टाकीपाशी आली. हे बघा, वळलीच. पत्ता परत एकदा सांगा बरं."

"पिवळी... पिवळी इमारत."

"गल्ली?"

"गल्ली..." ती थांबली. "ताई, गल्ली कुठली हो? आत्ता तर सांगितली मी."

ताईंनी डोळे मिटले. पट्टी पुढे सरकली.

मोबाइलवर मामाचा आवाज आला. "पोचलो. पण इथे कुणी नाही. सगळं अंधार. खालच्या दाराला कुलूप आहे, गंजलेलं. पत्ता बरोबर ना?"

थंडोबाने ताईंकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं, मागचं दार उघडून उभा राहा," ताई म्हणाल्या. "स्ट्रेचरवरचा दिवा लाव. आणि थांब."

मामा थांबला.

"ताई, आवाज आला. भोंगा वाजला का? आले का ते?"

"आलेत. खाली आहेत. चिमण्याला धरलंय ना नीट?"

"कुणाला?"

ताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मांडीवर आहे," ती बाई म्हणाली. "जड आहे. गरम आहे. पण ह्याला मी... काय म्हणते हो मी ह्याला?"

"चिमण्या," ताई म्हणाल्या. आवाज फुटला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा. "चिमण्या म्हणता तुम्ही."

"चि..."

मागची ती शिट्टी. थांबून थांबून.

थांबून...

पट्टीला बोटभर जागा उरली होती.

"ताई."

"हं. बोला. मी आहे."

"मी फोन कशासाठी केला होता?"

ताईंनी तोंडावर हात दाबून धरला. थंडोबा खाली बसला.

"ताई... मी कशासाठी..."

आणि मग नुसताच श्वास. दोन श्वास. एक मोठा, एक छोटा.

एक.

पट्टी भरली. पंखे थांबले. हिरवं कडं विझलं. सगळ्यात शेवटी तो निळा दिवा.

थंडोबाने बटण दाबलं. मग परत दाबलं. वीज तर होती. पण नारिंगी कडंसुद्धा उजळलं नाही. तो दाबतच राहिला. ताईंनी शेवटी त्याचा हात धरून बाजूला केला. रिसीव्हर मात्र त्यांनी कानाचा काढला नव्हता. त्यात आता काहीच नव्हतं. 'कृपया थांबा'सुद्धा नाही.

सकाळी भंगारवाले आले आणि यंत्र घेऊन गेले. मोठ्या ताई त्या दिवशी घरी गेल्या त्या परत कामावर आल्या नाहीत. थंडोबा भेटायला गेला होता एकदा. त्या चांगलं बोलल्या, चहा दिला. पण घरातला फोन वाजला तेव्हा दोघंही जागचे हलले नाहीत. वाजून वाजून बंद झाला. "आपण तिला घालवलं की सोडवलं?" त्यांनी विचारलं. थंडोबा कप ठेवून उठला. त्यानेही वर्षाच्या आत ती नोकरी सोडली. हल्ली सायकलींचं दुकान बघतो. विचाराल तर म्हणेल, बरं चाललंय. म्हणतो खरा.

आता मामाचं सांगतो.

मामाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुलूपबंद इमारतीसमोर, मागचं दार उघडून, तो बराच वेळ उभा राहिला. कुणी आलं नाही. मोबाइलवर थंडोबा फक्त "ये परत" म्हणाला. मामा मागे गेला, दार लावायला. वैतागला होताच, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. दार ओढता ओढता त्याचं लक्ष स्ट्रेचरकडे गेलं, आणि हात तिथेच थांबला.

स्ट्रेचरवर ऑक्सिजनचा मास्क पडला होता. मामाने तो काढलेला नव्हता. मोठ्या माणसाचा मास्क, आणि त्याचं इलास्टिक मागे आवळून गाठ मारलेली. एक गाठ, तिच्यावर दुसरी. लहानशा डोक्याला सैल होऊ नये म्हणून मारावी तशी.

मामाने मास्क उचलून दिव्याखाली धरला. आतल्या बाजूला वाफ धरली होती. ताजी.

तो बघत उभा राहिला. वाफ कडेने विरत गेली. मध्ये एक ठिपका उरला... तोही गेला. प्लास्टिक स्वच्छ झालं.

मामा थांबला. श्वाससुद्धा न घेता थांबला.

वाफ परत धरली नाही.